साचा जरा सैल केला, त्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे हल्ली वाकलेलाच असतो. पण हा नमस्कार त्यात धरू नकोस, हा मुद्दाम केलेला आहे.)

तुझी तब्येत बरी असेल. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मागे तू म्हणालीस की ते गुडघ्याला तेल चोपडून घेतात आणि मग त्याच पायांनी घरभर हिंडतात, आणि घसरून तू पडतेस. त्यांची एखादी जुनी विजार पाठवून दे, गुडघ्यापाशी थोडी सैल करून देतो, बसता-उठताना ओढ बसणार नाही. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही, लेक कामापुरतं बोलते, आणि माझ्या तोंडात दिवसरात्र प्लॅस्टिक असल्यामुळे मीही कुणाशी फार बोलत नाही. घरात इतकी शांतता तुझ्या भावाच्या संसारात पूर्वी कधी नव्हती. परवा तर एक गिऱ्हाईक दारात येऊन हळूच विचारून गेलं की कुणी गेलं का.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तू म्हणशील. दुकान आणि घर यांच्यामध्ये आमचा एक पडदाच तेवढा आहे (अस्तर लावलेला आहे, पण आवाज थांबत नाही), आणि पडद्याच्या पलीकडे दोन बायका कान देऊन असतात. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तुझा निकाल लागलेला असतो. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच, मध्येच चष्मा काढून दाजींना ‘बघा, मी म्हणत नव्हते’ असं सांगायला उठू नकोस.

तर तो दातवाला. तुला सगळं माहीत आहे, पण तुला तुझी बाजू पक्की आठवते आणि माझी विसरते, म्हणून पुन्हा सांगतो. तो लेकीला मागणी घालायला एकटाच आला होता. गिऱ्हाइकं बसतात त्या स्टुलावर बसला. मी त्याला घरचं-दारचं विचारत होतो आणि तो माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत होता. मीही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतोच म्हणा, मी त्याच्या कोटाकडे बघत होतो. तयार कोट, बाह्या अर्ध्या तळहातापर्यंत आलेल्या, मागे कॉलर मानेपासून सुटलेली. आम्ही दोघेही एकमेकांचं काही ऐकत नव्हतो, मनातल्या मनात एकमेकांची दुरुस्ती करत होतो. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, ‘काका, राग मानू नका, पण तो वरचा दात ओळीत येऊ शकेल.’ माझा दात! जो जन्मापासून बाकीच्यांच्या एक पाऊल पुढे येऊन, बाहेर काय चाललंय ते बघत उभा आहे. ज्याने मी उभ्या आयुष्यात दोरा तोडला, कात्री शोधत बसलो नाही. मी म्हटलं, आण ओळीत. ज्या दिवशी हा दात रांगेत उभा राहील त्या दिवशी तुझ्या घरच्यांना घेऊन ये, मी हो म्हणेन.

हे मी का म्हटलं? सगळ्यांना सांगितलं की माणूस कामावरून ओळखावा, मी कोट शिवून दाखवतो तसा त्याने दात लावून दाखवावा. तूही फोनवर म्हणाली होतीस, ‘बरोबर आहे, पारखून घे.’ (म्हणजे या प्रकरणात तूही आहेस, हे विसरू नकोस.) पण खरी गोष्ट अशी, की त्याला दूरच्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात जागा मिळते आहे, आणि लग्न झालं की दोघं तिकडे जाणार. हे लेकीने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, कापड बेतता बेतता, मान वर न करता. मला वाटलं, दात सरळ व्हायला वर्ष-दीड वर्ष तरी लागेल. तेवढंच वर्ष-दीड वर्ष.

मग आम्ही त्याच्या क्लिनिकमध्ये गेलो. लेक बरोबर होतीच. खुर्ची छान आहे, पाय वर होतात, डोकं खाली जातं आणि माणसाला वाटतं आता विश्रांती मिळणार, तेवढ्यात दिवा लागतो. पेनासारखा एक कॅमेरा त्याने माझ्या तोंडातून फिरवला आणि पडद्यावर माझे दात आले, रंगीत, गरागरा फिरणारे. एक बटण दाबलं तर ते सगळे हळूहळू सरकत ओळीत उभे राहिले, माझा तो आगाऊ दातसुद्धा, मुकाट्याने. लेकीने माझा हात दाबला. मी मात्र खिडकीच्या पडद्याकडे बघत होतो, त्याची खालची दुमड उसवली होती. (कॉलरखाली सुई-दोरा असतोच माझा. दातवाला हात धुवायला गेला तेवढ्यात मी उठून चार टाके घातले. त्याला अजून माहीत नाही.) काही दिवसांनी साच्यांचा डबा आला. पारदर्शक, पातळ, दाताच्या आकाराचे साचे, प्रत्येक पाकिटावर क्रमांक. जेवताना काढायचे, एरवी दिवसरात्र घालायचे, दर पंधरवड्याला पुढचा क्रमांक. गरम पाण्याने धुवायचे नाहीत. हे सगळं त्याने माझ्या तोंडात दोन बोटं घालून समजावलं, त्यामुळे मी मान डोलावली.

आता नीट वाच, कारण माझा दोष किती आणि धंद्याचा किती हे इथे ठरणार आहे. पहिला साचा मी घरी आरशासमोर घातला. घट्ट! असा घट्ट, की आपल्या त्या मोठ्या काकू जुन्या पोलक्यात शिरायच्या त्याची आठवण झाली. ताई, माझ्या दुकानातून घट्ट कपडा कधी बाहेर गेलेला नाही. बाही बगलेत काचते म्हणून गिऱ्हाइकाने जरा जरी मान वाकडी केली तरी मी तिथल्या तिथे उसवून देतो. मला वाटलं, पोरगा नवखा आहे, माप चुकलं. आता हे परत न्यावं तर लेकीसमोर त्याची शोभा होणार. म्हणून केवळ त्याच्यावर उपकार म्हणून (हसू नकोस) मी वाटीत गरम पाणी घेतलं, साचा त्यात बुडवला, मऊ झाला तसा तोंडात घालून दाबून बसलो. पाच मिनिटांत तो असा अंगासरसा बसला की विचारू नकोस. हिरडीला एका ठिकाणी लागत होता, तिथे काजाची छोटी कात्री घेऊन अर्धगोल कापला आणि कड नखं घासायच्या कानशीने घासून गुळगुळीत केली. तोंडात काही आहे हेच कळेना. आनंदाने तुझ्या भावजयीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, काहीच तर दिसत नाही. म्हटलं, तेच तर कसब आहे.

दुसरा साचाही घट्ट. तिसरा तर जणू दुसऱ्याच माणसाच्या दातांचा. मी प्रत्येकाला तसाच वाटीत बुडवून माणसात आणला. माझा हात इतका बसला, की पुढे पुढे कात्रीही लागेना.

दर भेटीला मात्र दातवाल्याचा चेहरा उतरत गेला. तो एकदा पडद्यावरच्या दाताकडे बघायचा, एकदा माझ्या दाताकडे. पडद्यावरचा रांगेच्या जवळ आलेला, माझा मूळ जागेवर, बाहेर काय चाललंय ते बघत. तो विचारायचा, ‘काका, दिवसभर घालता ना?’ घालतो. ‘रात्री?’ झोपेतसुद्धा काढत नाही. ‘दुखतंय का?’ अजिबात नाही. हे ऐकून तो आणखी काळजीत पडायचा. खोटं मी एक अक्षर बोललो नाही, हे लक्षात घे. त्याने पुन्हा माप घेतलं, नवे साचे मागवले, आपल्या जुन्या शिक्षकांना फोन लावला. जाडजूड पुस्तकं काढून बसायचा म्हणे. लेक दर वेळी जाताना केस नीट करून जायची आणि येताना खिडकीबाहेर बघत यायची. दुकानात आल्यावर खडू हातात घ्यायची आणि कापडावर रेघ मारायच्या ऐवजी तो नुसता धरून उभी राहायची.

तू विचारणार, गाढवा, तुला कळत नव्हतं का? ताई, पहिल्या दोन-तीन साच्यांना अगदी खरंच कळलं नव्हतं. पुढच्यांचं विचारू नकोस. साचा पाण्यात सोडताना हात थोडा घुटमळायचा, एवढं सांगतो. पण पडद्यापलीकडून लेकीच्या कात्रीचा आवाज यायचा, कर्र कर्र, एका लयीत, आणि तिच्या आईशी काहीतरी बोलून हसण्याचा. तो आवाज त्या दूरच्या शहरात जाणार, आणि इथे मी, तुझी भावजय आणि इस्त्रीचा फुसफुसाट. मला ती जायला नको आहे, ताई. हे मी तुलाच लिहितो आहे, दुसऱ्या कुणाला तोंडाने सांगता आलेलं नाही.

पकडला कसा गेलो ते ऐक. यात माझ्या स्वभावाशिवाय कुणाचा दोष नाही. गेल्या महिन्यात आम्ही क्लिनिकमध्ये गेलो तर बाहेरच्या खोलीत एक मुख्याध्यापिका बसल्या होत्या, गालाला हात लावून, डोळ्यांत पाणी. मी चौकशी केली. म्हणाल्या, नवा साचा घातला आहे, फार घट्ट होतो. ताई, एखादा माणूस माझ्यासमोर बसून म्हणतो की घट्ट होतंय, आणि माझ्या खिशात कात्री आहे. मला मागचं-पुढचं काही सुचलंच नाही. म्हटलं, द्या इकडे, दोन मिनिटांचं काम आहे. त्या खोलीत चहासाठी गरम पाण्याचं मशीन आहे. कप भरला, साचा बुडवला, त्यांना घालून दाबायला लावला, कड कापली, घासली, साचा पुन्हा धुऊन दिला. बाईंनी तो बसवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, जसं भरपेट जेवणानंतर विजारीचं बटण सोडल्यावर पसरतं. शेजारच्या खुर्चीवरचा एक माणूसही आपला साचा काढायला लागला होता. लेक तेवढ्यात गाडी लावून आत आली.

बाईंना आत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. त्या खणखणीत आवाजात (शाळेचा आवाज, मागच्या बाकापर्यंत पोचणारा) म्हणाल्या की डॉक्टर, तुम्ही बाहेर जो फिटिंगवाला बसवला आहे तो फार हुशार आहे, आधीच का नाही ठेवलात.

दातवाला साचा हातात घेऊन बाहेर आला. लेकीने आधी साच्याच्या कडेकडे बघितलं. माझ्या हातची कड तिला हजारात ओळखता येते, मीच शिकवली आहे तिला. मग तिने कप बघितला, माझ्या हातातली कात्री बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तो पोरगा चारचौघांत माझी अब्रू काढणार. काढली असती तर बरं झालं असतं, मलाही चढ्या आवाजात बोलता आलं असतं. त्याने साचा उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘काका, कड फार सुरेख घासली आहे. आमच्या लॅबला असं जमत नाही.’ मग म्हणाला, ‘पण तो घट्ट असतो तो चुकून नसतो. दात आज आहे तिथलं माप नाही ते. दात जिथे जायला हवा तिथलं आहे. म्हणून थोडं दुखतं.’

यावर मी काय बोललो असेन? मी म्हटलं, तुमचं गरम पाण्याचं मशीन चांगलं आहे.

परतताना लेक गाडी चालवत होती. एवढंच म्हणाली, ‘बाबा, सरळ नाही म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते.’ तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला फार लागलं. त्यापेक्षा टेबलावरची मोठी कात्री फेकून मारली असती तर चाललं असतं. घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. तुझ्या भावजयीने माझ्यासमोर गरम पाण्याची वाटी आणून ठेवली, रिकामी, आणि निघून गेली. त्या दिवसापासून मला चहाही कोमट मिळतो.

आणि आता तमाशा बघ. त्या पोराने अट मोडली नाही! माझी लबाडी उघड झाल्यावर त्याने म्हणायला हवं होतं की काका, डाव तुम्ही मोडलात, आता गुपचूप हो म्हणा. तर हा पठ्ठ्या नवा डबा घेऊन दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, शब्द तो शब्द, आपण पहिल्यापासून सुरू करू. त्या मोठ्या दवाखान्याला त्याने कळवून टाकलं आहे की यायला उशीर होईल. ते किती थांबतील देव जाणे, त्यांच्या दारात दुसरे उभे असतीलच. लेक म्हणते, मी थांबेन. हसून म्हणते! मला वर्ष-दीड वर्ष हवं होतं, ते दोघांनी मला आपणहून देऊन टाकलं, आणि आता ते माझ्या घशाखाली उतरत नाही. रोज ती समोर कापड बेतते आणि मला दिसतं की ही इथे असून इथे नाही. शब्द मागे घ्यावा म्हटलं तर तुला माहीत आहे, दिलेली तारीख मी कधी चुकवली नाही आणि दिलेला शब्द कधी फिरवला नाही, जिभेला ते वळणच नाही. आणि तुझ्या भावजयीसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायचं म्हणजे पुढची सगळी वर्षं रोज सकाळी ते ऐकायचं.

असो. तुझ्या मनाला उगाच घोर लावणार नव्हतो, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसलो. दाजींना नमस्कार, आणि तेल लावलं की पाय पुसायला सांग. हात थांबवतो, बाहेर गिऱ्हाईक पँट घेऊन उभं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. खुशालीसाठी लिहिलं असं वर म्हटलं खरं, पण एक काम आहे. हे पत्र वाचून फाडून टाक आणि मला एक पत्र लिही. कडक. ‘गाढवा’ने सुरुवात कर, आपल्या वडिलांना मध्ये आण (ते असते तर त्यांनी काय केलं असतं वगैरे, तुला येतं ते), आणि शेवटी लिही की ही असली दाताची अट मला मुळीच मान्य नाही, मी थोरली आहे, माझा हुकूम आहे, पोरीला हो म्हण. मूळ अटीला तू रुकार दिला होतास हे आता विसरलीस तरी चालेल, मी आठवण करून देणार नाही. पाकिटावर माझं नाव नको, तुझ्या भावजयीचं घाल, म्हणजे तीच उघडेल आणि मोठ्याने वाचेल. मी थोडा वेळ चिडेन, दोन-चार वेळा ‘ताईला काय कळतं’ म्हणेन, ते मनावर घेऊ नकोस. मग मान खाली घालून हो म्हणेन. थोरल्या बहिणीपुढे हार खाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आणखी एक. पत्रात लग्नाची तारीख फार लांबची घालू नकोस. दातवाल्याचा कोट बेतून झाला आहे. पहिल्या डब्याच्या वेळीच बेतला होता. तो वाकून माझ्या दातात बघत असायचा तेव्हा मला त्याचे खांदे, छाती, बाह्या सगळं अगदी जवळून दिसायचं. खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं ठेवून घेतलेलं माप आहे, तरी एक सुताचा फरक निघणार नाही. कापड उत्तम आहे. मी लेकीला सांगितलंय की कुणा वकिलाची ऑर्डर आहे.

शेवटचं. पत्र उशिरा टाकू नकोस, शक्य तर आजच टाक. नव्या डब्यातला पहिला साचा मी पाण्यात बुडवला नाही, कात्रीही लावली नाही, आहे तसा घातला आहे. फार दुखतं. आणि आज सकाळी जीभ लावून बघितलं तर दात चक्क हलतो आहे. हा आगाऊ तुझ्या पत्राच्या आधी जाऊन रांगेत उभा राहिला, तर मला माझ्याच तोंडाने हो म्हणावं लागेल, आणि त्या वेळी मी रडणार हे तुला चांगलं ठाऊक आहे.